चार कडक बुश आणि मार्गसुखाचा दाखला

हिंगोलीच्या मार्गसुख निरीक्षण कक्षाचे वरिष्ठ लिपिक राधाकृष्ण यांनी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय, आपल्या बारा वर्षं जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांचे चारही बुश बदलून घेतले. बुश म्हणजे चाकाचा दांडा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसणारा रबराचा गोल तुकडा. तो कुणाला दिसत नाही, त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं आणि सगळे धक्के तोच खातो. कचेरीत अशा वस्तूला लिपिक म्हणतात.

जुनं रबर झिजलं होतं. तसंच नवं घातलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण राधाकृष्णांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात काळा चष्मा घातलेला एक माणूस ओरडून सांगत होता, की रबर भित्र्यांसाठी असतं. मर्दानं पॉलीयुरेथेनचे लालभडक, कडक बुश घालावेत, म्हणजे गाडी रस्त्याला घट्ट धरून चालते. आयुष्यात काहीतरी घट्ट धरावं असं राधाकृष्णांना फार दिवसांपासून वाटत होतं.

"सायेब, आपल्याकडं रबरच बराबर हाय," मुन्ना मिस्त्री म्हणाला. त्याची निम्मी हयात लोकांच्या गाड्यांखाली गेली होती. "रबर खड्डा गिळून घेतंय. हे गिळत न्हाई. जसाच्या तसा तुमच्या हवाली करतंय."

"तू घाल," राधाकृष्ण म्हणाले.

मुन्नानं घातले. गॅरेजपासून घरापर्यंतच्या दोन किलोमीटरांत राधाकृष्णांना जे ज्ञान झालं, ते अख्ख्या नोकरीत झालं नव्हतं. स्टिअरिंग हातात गुणगुणू लागलं. दारं टाळ्या वाजवू लागली. प्रत्येक गतिरोधकावर गाडीखालून कुईंऽ असा आर्त आवाज येई आणि रस्त्यावरची कुत्री आदरानं उभी राहत. भुईमुगाच्या शेंगेवरून चाक गेलं, तर आत दाणा होता की नुसतं टरफल, हे कमरेला कळू लागलं.

"काहून काढलं ते रबर?" पत्नी सरलाबाईंनी उतरताना विचारलं. त्यांचा अंबाडा सुटला होता.

"ग्रिप," राधाकृष्ण म्हणाले आणि कमरेला हात लावून आत गेले.

नेमकी त्याच आठवड्यात हिंगोली ते शिरड शहापूर रस्त्याच्या वार्षिक दाखल्याची तारीख होती. कक्षाच्या नियम सातनुसार, मागच्या आसनावरचा पन्नाशीपुढचा प्रवासी वाटेत झोपी गेल्यास रस्ता 'सुखद' समजण्यात येतो. या कामी राधाकृष्ण गेली अकरा वर्षं आपल्या सासूबाईंना, शालूबाईंना, 'नमुना प्रवासी' म्हणून नेत असत. शालूबाई गाडी सुरू व्हायच्या आत झोपत. अकरा वर्षांत अकरा सुखद दाखले झाले होते. यंदाचा बारावा वेळेत गेला, की निवृत्तीआधी तीन महिने का होईना, राधाकृष्ण अधीक्षक होणार होते. सरलाबाईंनी दारावरची पाटी आधीच बदलून घेतली होती.

कचेरीची जीप बंद होती, म्हणून निरीक्षण स्वतःच्या गाडीनं झालं. शालूबाई नेहमीप्रमाणे झोपल्या आणि पहिल्याच खड्ड्याला ताडकन उठून बसल्या.

"जावईबापू, हितं शेतं हायती व्हय?"

"आधीपासून आहेत, आई. तुम्ही झोपा."

"कशी झोपू? कुणीतरी खालून बुक्क्या मारून राहिलंय!" पण त्या खुशीत होत्या. काच खाली करून त्यांनी हळद पाहिली, माकडं पाहिली, औंढ्याचं देऊळ पाहिलं. "अगं बाई, औंढा इतकं लांब हाय? मला वाटायचं, घरामागंच हाय!" शिरड शहापूर येईपर्यंत त्यांनी एकशे चाळीस खड्डे मोजले आणि त्यातल्या तिघांना नातेवाइकांची नावं दिली.

दुखऱ्या कमरेच्या रागात राधाकृष्णांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं तसं लिहिलं: 'प्रवाशास वाटेत झोप लागली नाही. रस्ता असुखद.' लिहून झाल्यावर त्यांना विलक्षण हलकं वाटलं.

हे हलकेपण दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी फाइल शेऱ्यासह परत आली: 'सदर रस्ता मागील वर्षी सुखद होता. त्यानंतर त्यावर कोणतेही काम झालेले नाही. सबब तो बिघडण्याचे कारण दिसत नाही. धक्के वाहनाचे आहेत काय, याचा खुलासा व्हावा.'

वाहनाची तपासणी झाली. गाडी कचेरीच्या आवारात तीन दिवस उभी केली आणि दोन शिपाई कान लावून बसले. 'वाहन निःशब्द आढळले,' असा अहवाल आला. रस्त्यात दोष नाही, वाहनात दोष नाही. पुढचा शेरा मग आपोआपच लिहिला गेला: 'सबब धक्के अहवाल लिहिणाराचे आहेत काय? असल्यास अधीक्षकपदासाठी प्रकृती योग्य असल्याचा दाखला जोडावा.'

राधाकृष्ण फाइल घेऊन तडक निघाले. ते कक्षप्रमुखांसमोर उभे राहिले. "साहेब, मी ती कंबर... म्हणजे ते बुश बदलतो."

"मी कुठं काय म्हणालो?" साहेब मऊ आवाजात म्हणाले. "तुमची गाडी, तुमची कंबर. पदोन्नतीची यादी शुक्रवारी जाते."

गुरुवारी सकाळी मुन्नानं लाल बुश काढून दुकानात सगळ्यांत मऊ होतं ते रबर बसवलं. दुपारी फेरनिरीक्षण झालं. "जावईबापू, आज पुन्हा हळद दाखवा बरं," असं म्हणत शालूबाई हौसेनं काचेला नाक लावून बसल्या. हिंगोलीची वेस ओलांडायच्या आत त्यांची मान कलली. राधाकृष्णांनी आरशात पाहिलं. म्हातारीचं तोंड उघडं होतं आणि काचेपलीकडून सगळं शिवार तिला न दिसताच चाललं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी गाडी बाजूला घेऊन 'सुखद' असं लिहिलं आणि खाली सही केली.

राधाकृष्ण अधीक्षक झाले. त्यांनी काढलेलं पहिलं परिपत्रक असं: या जिल्ह्यातले रस्ते सुखद असल्यानं प्रत्येक वाहनधारकानं रस्त्याला शोभेल इतकं मऊ रबर बसवावं. कडक बुश बाळगणं ही रस्त्याची बदनामी समजण्यात येईल. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.

पंधरा दिवस झाले. त्याच रस्त्यानं शेकडो लोक गेले, आले, डोकी आपटून घेतली, आयामाया काढल्या. कचेरीत हरकतीचा एकही कागद आला नाही. मुन्नाच्या गॅरेजपुढं मात्र मऊ रबर घालून घेण्यासाठी रांग लागली आहे, पार चौकापर्यंत. जो तो खाली मान घालून मोबाइल बघत, नंबर कधी लागतो याची वाट पाहतोय.

त्या रांगेतली चौथी गाडी तुमची आहे. जरा पुढं घ्या, मागचा हॉर्न वाजवतोय.