बाहेर पडायचा ठराव

शलाकाने बटण दाबलं आणि त्याच क्षणी बदलापूर गावातली वीज गेली. ती परत आली तेव्हा स्क्रीनवर झळकत होतं, 'आपला बाहेर पडण्याचा ठराव मतदानासाठी खुला झाला आहे.'

शलाकाला दाबायचं होतं, 'पुढेही राहणार.'

अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचा तिचा उपक्रम 'सामाईक' नावाच्या इंटरनेटवरच्या संस्थेशी जोडलेला होता. या संस्थेला ना अध्यक्ष, ना ऑफिस. उपक्रम आत घ्यायचा की बाहेर सोडायचा, ते शंभर सभासदांच्या मतांवर. साठ 'हो' पडले की संगणक आपोआप अंमल करणार. म्हणजे सगळी ध्वनिमुद्रणं सर्व्हरवरून गायब, आणि दहावीची परीक्षा तर आठवड्यावर आलेली!

तिने उल्हासनगरच्या प्रमोदला फोन लावला. संस्थेत तिला त्यानेच आणलं होतं.

"प्रमोद, तो ठराव रद्द कर!"

"कुणाला सांगू ताई? इधर बॉसच नाय ना! उद्या संध्याकाळी सहापर्यंत साठ पडले नाय पाहिजेत, बस."

शलाकाने ग्रुपवर लिहिलं, 'चुकून झालं, कृपया हो म्हणू नका.' ताईंचा पाय निघत नाहीये, असं समजून सभासद गहिवरले. 'ताई, मन घट्ट करा,' एकाने कळवलं. दुसऱ्याने तिच्या फोटोभोवती फुलं लावून निरोपाचं पोस्टर टाकलं. 'हो' भराभर वाढत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अठ्ठावन्न झाले. चारला एकोणसाठावं मत पडलं, ते घरातूनच. सासरे आनंदा भूगोलाचे धडे वाचत, म्हणून तेही सभासद होते.

"बाबा, तुम्ही पण?"

"तुझं नाव बघितलं नि लगेच 'हो' दाबलं. सुनेच्या शब्दाबाहेर जाऊ काय मी?"

दिलेलं मत परत घेता येत नव्हतं. सहाला सहा मिनिटं कमी असताना अंबरनाथहून नरेंद्रचा फोन आला. तो कारखान्यातून नुकताच सुटला होता.

"सॉरी हां ताई, मत द्यायचं राहिलं. आता देतो."

"नको! नरेंद्रभाऊ, मला जायचंच नाहीये!"

"निघताना असंच वाटतं ताई. ठेवतो मी, टाइम कमी हाय."

"थांबा! पायलचं लग्न ठरलं म्हणे?"

नरेंद्र थांबला. मुलीचा विषय निघाल्यावर कोणता बाप फोन ठेवील? स्थळ कुठलं, मुलगा काय करतो, व्याह्यांनी हॉलवरून काय वाद घातला, सगळं आलं. शलाका घड्याळावर नजर ठेवून "अय्या!" आणि "मग?" म्हणत राहिली.

सहा वाजले. ठराव एका मताने पडला. शलाकाने पायलला आशीर्वाद सांगून फोन ठेवला.

तेवढ्यात ग्रुपवर नरेंद्रचा संदेश आला.

'ताई, माफ करा, माझ्यामुळे तुमचं काम अडलं. नाराज होऊ नका. पुढच्या वेळी आपण सगळे मिळून तुम्हाला नक्की बाहेर काढू.'

खाली एकोणसाठ जणांनी पसंतीचे अंगठे टाकले होते.