डावीकडचं रबर

रविवारी सकाळी अकराला पाच कमी असताना महेंद्र मोहिते यांची गाडी शेजारच्या यमुनाबाईंनी वाळत घातलेल्या आमसुलांवरून गेली. असं काहीही घडलेलं नाही. तशी कागदोपत्री नोंद आहे.

घडलं ते एवढंच, की एक मेला कार्यालयात मोहित्यांचा सत्कार ठरला होता. पाच वर्षांत एकही अपघात न केलेले कर्मचारी म्हणून. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावाने निघालेलं हे पहिलंच पत्र, जे ‘कारणे दाखवा’ नव्हतं. ते त्यांनी लॅमिनेट करून घेतलं. त्याआधी कार्यालयातले निलेश सावंत नाचणे गावातल्या त्यांच्या घरी येऊन गाडीची पाहणी करणार होते, म्हणून मोहित्यांनी सकाळीच ओळखीच्या रितेश मेकॅनिकला बोलावलं.

रितेश डोकं पॅडलपाशी आणि पाय गाडीबाहेर अशा अवस्थेत बराच वेळ होता.

“काका, ब्रेकचं रबर एकदम कोरं आहे. रेघासुद्धा गेल्या नाहीत.”

“मी जपून वापरतो.”

“पण वापरता का?”

मग तो डाव्या बाजूला गेला. गाडी मोहित्यांनी चिपळूणच्या एका ड्रायव्हिंग स्कूलकडून, पॅडलची रबरं नवी करून घेतली होती. शिकवणाऱ्या मास्तरांसाठीचा डावीकडचा जादा ब्रेक काढायचा राहिला, तो राहिलाच. त्या सीटवर पाच वर्षं मोहित्यांची बायको करुणा बसत होती.

“आयला! हे तर पार गुळगुळीत. मधनं लोखंड दिसतंय. काकी, तुम्ही काय करता इथे?”

“मी? नुसता पाय टेकवते.”

“घाटात?”

“घाटात, बाजारात, वळणावर. पूर्णगडच्या उतारावर दोन्ही टेकवते.”

गाडी थांबवावीशी वाटली की ती थांबते, असाच मोहित्यांचा पाच वर्षांचा अनुभव होता.

“डावीकडे नवं टाकतो,” रितेश म्हणाला.

“थांब. माप एकच आहे ना? मग ते झिजलेलं माझ्याकडे बसव. माझं कोरं तिकडे.”

“काका, झिजलेलं रबर बदलतात. त्याची बदली नाय करत.”

“अरे, पाहणीत कोरं दिसलं तर पाच वर्षं मी काय केलं म्हणून सांगू?”

“खरं सांगा की,” करुणा म्हणाली.

या पर्यायाचा कोणी विचार केला नाही. रितेशने स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही रबरं उचकटली, साबणाचं पाणी लावून अदलाबदल करून चढवली आणि बजावलं, “साबण वाळेपर्यंत चालवू नका.” पण सावंत यायच्या आत एक फेरी मारून बघणं मोहित्यांना आवश्यक वाटलं. करुणा फाटकाशी हाताची घडी घालून उभी राहिली.

“अगं, बस ना.”

“कशाला? ब्रेक आता तुमच्याकडे आहे ना?”

गाडी फाटकाबाहेर पडली. समोर यमुनाबाईंचं अंगण आणि अंगणभर ताडपत्रीवर आमसुलं. मोहित्यांनी ब्रेक लावायचा विचार केला. गाडी थांबली नाही. त्यांनी पुन्हा, जरा जोरात विचार केला. मग नाइलाजाने पाय दिला. तो गुळगुळीत रबरावरून, साबणासकट, थेट अ‍ॅक्सिलरेटरवर गेला.

गाडी माडाच्या आळ्यात जाऊन थांबली.

“मेल्या महेंद्रा! माझी सोलं!” यमुनाबाई ओटीवरून ओरडल्या.

तेवढ्यात सावंत आले. चाकं लाल, बंपर लाल, काचेवर लाल ओघळ.

“मोहितेसाहेब! रक्त!”

“आमसुलं,” आतून क्षीण आवाज आला.

सावंतांनी फाइल उघडली. “अपघात म्हणजे माणूस, जनावर किंवा शासकीय मालमत्ता. यमुनाबाई, ही आमसुलं शासकीय आहेत का?”

“माझ्या बापाच्या झाडाची आहेत!”

“मग काही घडलेलं नाही.” ते पॅडलकडे वाकले. “वा! ब्रेकचा भरपूर वापर. उत्कृष्ट.”

यमुनाबाईंनीही घडलं नाही हे मान्य केलं, फक्त पुढचे चार दिवस मोहित्यांनी त्यांच्या ओटीवर बसून नव्या आमसुलांसाठी रातांबे फोडायचे या अटीवर. रितेशने संध्याकाळी दोन्हीकडे नवी रबरं बसवली. करुणाने जुनं झिजलेलं रबर मागून घेतलं.

एक मेला सत्कार झाला. साहेबांनी विचारलं, “मोहिते, रहस्य काय?”

“वेळेवर ब्रेक, साहेब!” म्हणून मोहिते भाषण करू लागले. तिसऱ्या रांगेत करुणाचा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. भाषण मात्र थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी परिवहन कार्यालयात एक अर्ज दाखल झाला:

‘महोदय, अर्जदार गेली पाच वर्षे पतीचे वाहन डाव्या आसनावरून विनापरवाना थांबवीत आहे. पुराव्यादाखल झिजलेले रबर, एक नग, सोबत जोडले आहे. अर्जदारास वाहन चालविण्याची मुळीच इच्छा नाही. तरी अर्जदारास फक्त थांबविण्याचा परवाना देण्यात यावा, ही नम्र विनंती.’