पोपटी, माणशी पाव किलो

"पाडव्याला माझ्या गोदामात वालाचा एक दाणा जरी शिल्लक राहिला ना दिनानाथ, तर तुझ्याकडे येऊन बायकांच्या रांगेत बसून पापड लाटीन."

हे हैबतराव महाडिक पेणला दिनानाथच्या दुकानात बसून, दिनानाथचाच पापड मोडत म्हणाले. दिनानाथ त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. हायवेला लागून त्याचं पोह्या-पापडांचं दुकान. कोकणात जाणारी गाडी तिथे आपोआप थांबायची, त्यामुळे जाहिरात कशाशी खातात ते त्याला आजवर कळायची गरजच पडली नव्हती.

"कोण विकणार तुझे वाल?" दिनानाथने विचारलं.

"मार्केटिंग बाहेर दिलंय."

"बाहेर म्हंजे? ओटीवर?"

"पुण्याला. तज्ज्ञ हायत. मोठमोठ्या कंपन्या आता असंच करतात. आपण फक्त माल बनवायचा, बोलायचं काम बोलणाऱ्यांना द्यायचं."

दिनानाथने पापडाचा तुकडा तोंडात टाकला. "हैबत, आपल्या चुलीवरची चव शेजाऱ्याला सांगता येत नाय, ती पुण्याचा माणूस काय सांगणार? पोपट होईल बघ तुझा."

हैबतराव हसले. पुढे महिनाभर त्यांना हे वाक्य आठवत राहणार होतं, पण तेव्हा ते हसले.

त्यांची कंपनी म्हणजे 'महाडिक आणि मंडळी'. महाडिक म्हणजे स्वतः हैबतराव, आणि मंडळी म्हणजे त्यांची मंडळी, विमलबाई. रोहा-कोलाड रस्त्यावर गाव, गावाच्या टोकाला गोदाम, आणि माल एकच: कडवे वाल. वर्षानुवर्षं व्यापारी यायचा, तोंड वाकडं करून वाल उचलायचा नि जायचा. यंदा हैबतरावांनी गावातल्या बारा घरांना सांगितलं होतं, "व्यापाऱ्याला दाखवू पण नका. सगळे वाल माझ्याकडे टाका. पाडव्याच्या आत जातील, माझा शब्द." बारा घरांनी वाल टाकले. साठ पोती झाली. गोदामाचं दार उघडायला आता पोट आत घ्यावं लागत होतं.

"बारा घरांत मला हळदीकुंकवाला जायचं असतं," विमलबाई म्हणाल्या. "तुमचा शब्द पडला तर माझ्या कपाळाला कोण बोट लावील?"

मग कोपऱ्यातल्या एका छोट्या पोत्याकडे त्यांनी हात केला. त्याचं तोंड लाल सुतळीने बांधलं होतं. "आणि हे बियाण्याचं. एकेक दाणा मी डोळे फोडून निवडलाय. ह्याला हात लावायचा नाय."

"मी काय खुळा हाय?"

"ते लग्नाआधी विचारायला हवं होतं."

पुण्याच्या तज्ज्ञांचं नाव लेक वैशालीने शोधलं होतं. ती धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायची. तिथे कॅन्टीनपासून बागेतल्या कुंडीपर्यंत सगळं बाहेर दिलेलं तिने पाहिलं होतं. 'ठसा कम्युनिकेशन्स' असं त्या मंडळींचं नाव. त्यांच्यातला शौनक नावाचा मुलगा मोबाइलच्या पडद्यावर दिसायचा. शिक्षण बंगळुरात, दाढी कोरलेली, आणि पाठीमागच्या भिंतीवर चौकट: 'ग्राहकाला कधीही नाही म्हणू नका.' हैबतरावांना ती चौकट फार आवडली. घरात असली चौकट लावायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

पंधरा दिवसांत पाकिटं छापून आली. गुळगुळीत कागद, वर मडक्याचं चित्र, आणि खाली झोकदार अक्षरांत: 'महाडिक यांचे गोड वाल.'

हैबतरावांचा चेहरा तळणीतल्या मिरगुंडासारखा आधी फुगला, मग वाकडा झाला. त्यांनी फोन लावला.

"शौनक, अरे हे गोड कुणी केले?"

"काका, आम्ही सर्व्हे केला. कडवं हा शब्द लोकांना निगेटिव्ह वाटतो. कडू कोण विकत घेईल?"

"अरे बाबा, कडवे हेच त्यांचं कूळ हाय. गोडे वाल ही निराळी जात. हे म्हंजे हापूसच्या पेटीवर रायवळ लिहिल्यासारखं झालं."

"ओके काका. नोटेड," शौनक म्हणाला. चौकटीप्रमाणे तो कुणालाच नाही म्हणत नव्हता.

पाच हजार पाकिटांवर 'कडवे' अशा चिठ्ठ्या चिकटवायला विमलबाईंच्या ओसरीवर गावातल्या बायका बसल्या. आठवडा त्यात गेला. गावात आता कुणी कुणाला गोड बोललं, तर लगेच दुसरी म्हणायची, "गो, हिला चिठ्ठी लाव."

पाकिटं तयार झाली, पण गिऱ्हाईक काही दिसेना. पाडवा तीन आठवड्यांवर आला. बारा घरांतली माणसं गोदामासमोरून जाताना चालणं मंद करू लागली. नुसतं दाराकडे बघून खोकायचं. तो खोकला हैबतरावांना जेवताना ऐकू यायचा.

शेवटी त्यांनाच युक्ती सुचली. नदीकडच्या तुकड्यात उशिरा पेरलेल्या वालाच्या शेंगा अजून हिरव्या होत्या, मडक्यात भाजून पोपटी करायला अगदी बेताच्या. त्यांनी शौनकला फोन केला. वाऱ्याने आवाज तुटत होता, म्हणून ते बांधावर उभं राहून ओरडून बोलत होते.

"येत्या रविवारी माझ्या शेतात मोठी पोपटी लावू. लोकांना बोलाव. खाऊन बघतील, मग वाल नेतील."

पलीकडे शौनकने वहीत 'पोपटी' लिहून त्याखाली रेघ मारली.

"काका, पोपटी... ही खायची असते?"

"मग काय पूजा करायची असते? मडक्यात भरायची, खाली-वर भांबुर्डीचा पाला, मीठ-ओवा टाकायचा. मडकं उपडं करायचं नि भोवती जाळ करायचा. अर्ध्या तासात भाजून तयार."

"आणि ती... ताजी असते?"

"सकाळी शेतातच धरायची नि उपटायची. शिळी असली तर मजा नाय."

"काका, कायद्याने चालतं ना हे?"

"आजोबांपासून चालतंय. तलाठी पण येतात खायला."

"लहान मुलं असतील तर?"

"तीच जास्त खातात. सोलून द्यावं लागतं येवढंच."

शौनकचा श्वास फोनवर ऐकू आला. तो जन्माचा शाकाहारी होता. "किती लागतील काका, साधारण?"

"माणशी पाव किलो धर," हैबतराव म्हणाले आणि समाधानाने फोन खिशात टाकला. किती बारकाईने विचारतो पोरगा, असं ते घरी जाऊन विमलबाईंना म्हणालेसुद्धा.

शौनकला त्या रात्री झोप लागली नाही म्हणे. पण भिंतीवरची चौकट जागच्या जागी होती. सकाळी त्याने 'पोपटी' ही ग्रामीण बोलीतली चूक समजून सुधारली आणि जाहिरात सगळीकडे सोडली. वर हिरव्यागार पोपटाचा फोटो. खाली मजकूर: 'रोह्याची आजोबांपासूनची परंपरा! मडक्यात भाजलेला ताजा पोपट. सकाळी तुमच्यासमोर शेतात धरून. लहान मुलांना सोलून मिळेल. माणशी पाव किलो. स्थळ: महाडिकांचं शेत.' आणि हैबतरावांचा मोबाइल नंबर.

दुपारी खाडीला भरती यावी तसे फोन येऊ लागले.

पहिला फोन ठाण्याच्या एका बाईंचा होता. "तुम्हाला लाज वाटत नाही का?"

हैबतरावांना वाटलं, 'गोड वाल'वाली पाकिटं हिच्यापर्यंत पोचली. "वाटते ओ ताई, फार वाटते," ते कळवळून म्हणाले. "पण आम्ही सगळ्यांच्या तोंडावर चिठ्ठ्या लावल्यात आता."

बाईंनी पत्ता पुन्हा वाचून घेतला. मग म्हणाल्या, "मी रविवारी स्वतः येतेय."

"या ना. पोरांना पण आणा."

असे एकवीस फोन झाले. प्रत्येकाने रविवारी येतो म्हणून सांगितलं. हैबतराव हरखले. "वैशाली, मान गो पुण्याच्या माणसाला. लोक येवढे पेटलेत की काही तर मला शिव्या देतायत."

वैशाली शिफ्टवरून येताना मोबाइलवर ती जाहिरात वाचत आली होती. तिने फोन बापाच्या हातात दिला. हैबतरावांनी एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग जवळच्या पोत्यावर बसले.

"काढून टाकायला सांग त्याला."

"काढली त्याने. पण चाळीस हजार लोकांनी आधीच पुढे पाठवलीय."

"दिनानाथने बघितली असेल?"

"त्यांनीच मला पाठवली, बाबा."

विमलबाई चुलीपुढून म्हणाल्या, "आता रडत बसू नका. माणसं येणार हायत ना? मग शेंगा जास्त काढा."

रविवारी सकाळी कोलाडच्या बाजूने गाड्यांची रांग लागली. ठाण्याच्या बाई आल्या. पक्षीमित्रांच्या दोन संस्था फलक घेऊन आल्या. एका कुटुंबाने घरचा पिंजरा मोकळाच आणला होता, वाचवलेले पोपट न्यायला. तीन-चार जण मात्र डबा घेऊन आले आणि कोपऱ्यात हळूच विचारू लागले, "खरंच मिळतो का?" सगळ्यांत शेवटी वनखात्याची जीप आली. तिच्यातून नम्रता नावाच्या वनरक्षक बाई उतरल्या. हातात वही, चेहऱ्यावर खातं.

शौनकही आला होता. आंब्याच्या झाडामागे उभा राहून तो घाम पुसत होता.

"महाडिक कोण?" नम्रताबाईंनी विचारलं.

"मीच."

"पोपट कुठे आहेत?"

"पोपट नाय ओ बाई. पोपटी. वालाच्या शेंगांची. तुम्ही कुठल्या?"

"चंद्रपूर. तीन महिने झाले बदलीला." त्यांनी शेताच्या मध्यभागी बोट दाखवलं. तिथे चार मोठी मडकी उपडी घातलेली होती आणि भोवती जाळ धडधडत होता. "आत काय आहे?"

"शेंगा, बटाटे, अंडी..."

"अंडी कुणाची?"

गर्दीत कुजबुज झाली. ठाण्याच्या बाईंनी डोळ्याला पदर लावला.

"कोंबडीची," हैबतराव म्हणाले. आता ह्या बाईने जाळ विझवायला सांगितलं, तर पोपटी कच्ची राहणार, माणसं घोषणा देत परत जाणार, आणि साठ पोती तिथेच. बांधावर बारा घरांतली माणसं ओळीने उभी होती. त्या क्षणी त्यांच्यातलं कुणी खोकतही नव्हतं.

"मडकं उघडा," नम्रताबाई म्हणाल्या.

विमलबाई पुढे झाल्या. काठीने निखारे बाजूला केले, गोणपाटाने मडकं धरलं आणि केळीच्या पानांवर ओतलं. भांबुर्डीच्या पाल्याचा धुरकट वास उठला आणि फलकवाल्यांचे फलक आपोआप खाली आले. पानावर वाफाळत्या हिरव्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि त्यातून वर आलेली एक तंगडी.

"ही?" नम्रताबाईंनी पेन रोखलं.

"गो बाय," विमलबाई म्हणाल्या, "पोपटाला येवढी तंगडी असती तर तो उडाला असता काय? कोंबडी हाय. ती नको असेल तर ह्या शेंगा घे. दाण्याला दाबायचं नि तोंडात टाकायचं. वही ठेव बाजूला."

नम्रताबाईंनी एक शेंग सोलली. दाणे चावले. मग दुसरी सोलली. तिसऱ्या शेंगेला त्यांनी वही झाडामागून पुढे आलेल्या शौनकच्या हातात दिली. अख्खं शेत त्यांच्या जबड्याकडे बघत होतं.

"तपासाला आणखी एक मडकं उघडावं लागेल," त्या म्हणाल्या.

त्यानंतर कुणी कुणाचं ऐकलं नाही. ठाण्याच्या बाई मांडी घालून बसल्या. पक्षीमित्रांनी फलक जमिनीवर अंथरले आणि त्यांवर बटाटे सोलले. शौनकने बिनकोंबडीच्या मडक्यातली पोपटी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली आणि दहाव्या शेंगेला म्हणाला, "काका, हे आधी सांगायचं ना."

"तेच तर सांगत होतो रे बांधावरून."

"हाच दाणा वाळलेला मिळेल का?" ठाण्याच्या बाईंनी विचारलं, आणि गोदामाचं दार उघडलं ते संध्याकाळपर्यंत मिटलंच नाही. पाकिटं संपली तेव्हा लोकांनी पिशव्या पुढे केल्या, पिशव्या संपल्या तेव्हा एकाने तो पिंजरा कागद लावून भरून नेला. पुढच्या वर्षीच्या वालासाठी वैशालीने नावं लिहून घ्यायला घेतली, ती एकशे चाळीसवर गेली. त्यात पहिलं नाव वनरक्षक बाईंचं. बांधावरची बारा घरं आता जोरजोरात बोलत होती, आणि विमलबाईंना उद्याच्या हळदीकुंकवाची चार आमंत्रणं मिळाली होती.

दिवस कलताना पेणहून दिनानाथ आला. त्याने रिकामं गोदाम बघितलं.

"हैबत, जिंकलास. मी आपला वाल न्यायला आलो होतो. परवा माझ्या किमयाचा साखरपुडा. वालाच्या बिरड्याशिवाय पंगत कशी उठायची? पण तुझ्याकडे काय उरलेलं दिसत नाय."

हैबतरावांच्या छातीत एवढी हवा भरली होती की त्यांना जमीन नीट दिसत नव्हती. "हैबतराव महाडिकाच्या दारातून कोण रिकामं गेलंय?" ते म्हणाले. कोपऱ्यात हात घातला, शेवटचं छोटं पोतं उचललं आणि दिनानाथच्या गाडीत ठेवलं. "लेकीला माझा आहेर. एक दाणा शिल्लक नाय म्हणालो होतो ना? हे बघ. नाय."

रात्री जेवताना विमलबाईंनी विचारलं, "लाल सुतळीचं पोतं कुठं हलवलंत?"

हैबतरावांनी ताट सरकवून मोबाइल उचलला. दिनानाथचा फोन बंद लागत होता.

सकाळी पहिल्या गाडीने ते पेणला निघाले. आहेर परत कोणत्या तोंडाने मागायचा, ह्याचा विचार करता करता पेण स्टेशन मागे पडलं आणि ते पुढे जिते स्टेशनावर उतरले. तिथून रिक्षा करून दिनानाथच्या घरी पोचायला तास गेला.

वाल दिनानाथच्या बायकोने तासाभरापूर्वी भिजत घातले होते. सगळे. मग विमलबाईंचा तिला फोन आला होता: "पैज जिंकली नि बियाणं घालवलं; आता ह्यांना पापडच लाटायला बसवा." लाल सुतळीने तिने पापडांचा गठ्ठा बांधला होता, आणि तो हैबतरावांसाठी लाटणं-पोळपाटासकट दारात तयार ठेवला होता.