ड्रुमनागाऊचा ‘र’

शिळेवरचं कापड उचलून मॅलाकी मॅगवनने आत पाहिलं आणि त्याच्या हातातला चहाचा मग गळून पडला.

“अरे देवा! फेलिम, हे काय करून ठेवलंस?”

गावाच्या नावाची शिळा चर्चच्या दारात उभी होती. तासाभराने, प्रार्थना आटोपली की अनावरण होतं. निवृत्त पोस्टमास्तर मॅलाकी गेली चाळीस वर्षं भेटेल त्याला सांगत आला होता, की ड्रुमनागाऊ म्हणजे लोहारांची टेकडी. आयरिशमध्ये ‘गाऊ’ म्हणजे लोहार. राजाच्या तलवारी इथेच घडायच्या, आणि घडवणारे कोण, तर मॅगवन, म्हणजेच ‘गाऊ’चे वंशज! शिळेवर मात्र ‘गाऊ’च्या पुढे ठसठशीत ‘र’ होता. ‘गाऊर’ म्हणजे शेळी.

“शाळेतल्या बाईंनी चारशे वर्षांपूर्वीचा कागद शोधलाय,” पाथरवट फेलिम म्हणाला. “त्यात ‘र’ आहे.”

“मग पूस तो!”

“दगड आहे हो, शाळेची पाटी नाही.”

मॅलाकीला दरदरून घाम फुटला. शेजारच्या डीलिया हेशनकडे पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या. “आम्ही तलवारी करत होतो तेव्हा तुम्ही लेंड्या गोळा करत होतात,” असं तो तिला चारचौघांत ऐकवायचा. आता ती त्याला गावात तोंड दाखवू देणार नव्हती. तो धावत घरी गेला, बायकोची फुललेली जिरेनियमची कुंडी उचलून आणली आणि ‘र’च्या बरोब्बर पुढे ठेवली.

फादर टूहींनी कापड ओढलं. टाळ्या पडल्या. मॅलाकीचा जीव भांड्यात पडला आणि त्याने भाषण सुरू केलं. भाषणात पहिली तलवार तापत होती, तेवढ्यात डीलियाची शेळी, जी दर रविवारी तिच्या मागोमाग चर्चपर्यंत यायची, पुढे झाली आणि शांतपणे जिरेनियम खाऊ लागली. आधी फुलं गेली. मग पानं गेली.

“ड्रुमनागाऊ…” फादरनी चष्मा सावरला, “…र?”

सगळ्यांनी माना पुढे काढून शिळा वाचली.

“मॅलाकी,” डीलिया म्हणाली, “तुझ्या आडनावातलाही एखादा ‘र’ गळलाय का बघ रे!”

मॅलाकीने शेळीकडे बोट दाखवलं.

“तेच तर सांगतोय! एवढे घण मारायला लोहारांना ताकद कशाने यायची? दुधाने! आणि दूध कुणाचं?”

“आमच्या शेळ्यांचं!” डीलिया बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅलाकीने कपाळ पुसलं. आडनाव वाचलं होतं.

चहाच्या वेळी तो सँडविच घ्यायला गेला, तर डीलियाभोवती घोळका जमला होता.

“राजा स्वतः धार काढायला बसायचा,” ती सांगत होती. “आमच्या पणजोबांनीच शिकवलं त्याला. लोहार काय, बादल्या धुवायला असायचे.”

मॅलाकीच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. “डीलिया! अगं, हे मी कधी म्हणालो?”

“तू चाळीस वर्षं बोललास ना?” ती म्हणाली. “आता माझी पाळी.”