चौथी खुर्ची

कासमचाचा रोज दुपारी चारला सुपारीच्या वाडीत तीन खुर्च्या मांडतात. पाण्याचे ग्लास प्रत्येक खुर्चीपासून सारख्याच अंतरावर आहेत ना, ते सुतळीनं मोजतात. येणार कुणीच नसतं.

"ग्लास एकाच्या जवळ गेला, की दुसरा मनात हरला म्हणून समज," असं त्यांचं म्हणणं.

चाचांनी आखातातल्या एका आंतरराष्ट्रीय लवाद केंद्रात वीसेक वर्षं खोल्या लावल्या. बड्या कंपन्या आणि सरकारं तिथे कोर्टाबाहेर भांडायची. दोन बाजूंनी निवडलेला एकेक पंच, तिसरा दोघांनाही चालणारा. चाचा श्रीवर्धनला परतले ते ती खोली डोक्यात घेऊनच. समुद्रावरून वारा येतो, पोफळी संथ डोलतात, चाचा डोळे मिटून पुटपुटतात, "एसी लागला."

माझं डोकं मात्र तापलेलं. आम्हा कोळ्यांच्या खाडीत एक परदेशी कंपनी जेट्टी बांधणार होती. आम्ही रस्त्यावर उतरलो, सरकारनं परवाना रद्द केला, तर कंपनीनं सरकारलाच परदेशातल्या लवादापुढे खेचलं. मी पत्रक छापलं: 'बंद खोलीतला न्याय मोडून टाका!' पहिली प्रत चाचांना दिली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "मोडून टाका? पोरी, तिथे दोन मुल्कांची माणसं आवाज न चढवता बोलतात. खोली मोडलीस तर जातील कुठे?"

"आणि आमची जाळी जातील त्याचं काय? त्या खोलीत कोळ्यांची खुर्ची कुठे हाय, चाचा?"

"बाजू दोनच असतात..."

"आम्ही दाराबाहेर! तुम्ही तरी मांडलीत कधी आमची खुर्ची?"

सुतळी चाचांच्या हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी वाडीत चार खुर्च्या! मी नाचायचीच काय ती बाकी होते. "पटलं ना? पुढच्या पत्रकात तुमचं नाव घालते."

"नाव नको घालू. ही जुबेदाची हाय."

जुबेदा त्यांची धाकटी बहीण, म्हसळ्याला दिलेली. चाचांनी आणि त्यांच्या भावानं ही वाडी याच तीन खुर्च्यांवर पंच बसवून वाटून घेतली होती. झाडं मोजून, अगदी चोख.

"तिला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं न्हाय," चाचा म्हणाले. "ती पण काही बोलली न्हाय. फक्त त्यानंतर एकाही ईदला आली न्हाय."

त्यांनी माझं पत्रक उलटं करून कोरी बाजू पुढे केली. "लिही. वाटणी परत काढतोय, भाऊ पण तयार हाय, ये म्हणावं. आणि तुझ्यासारखं कडक नको हां."

मी लिहीत होते. चाचा चौथा ग्लास घेऊन उभे होते. सुतळी खिशात होती, पण त्यांनी ती काढली नाही. ग्लास ठेवला तो तिच्या खुर्चीच्या अगदी हाताशी.