विशेष शाखा निवडण्याचा रीतसर मार्ग

माझ्या नातीच्या वागण्याबद्दल मला तक्रार करायची आहे, आणि ती लेखी करायची आहे, कारण तोंडी तक्रारीची दखल घेणं तिने बंद केलं आहे. परवा जेवायला बस म्हटलं तर मला म्हणाली, "आजी, हे मागणं योग्य वेळी विचारात घेतलं जाईल." ताट गार होत होतं. ही मुलगी मुळात अशी नव्हती. तिला असं करण्यात आलं, तेही पायरीपायरीने, सहीशिक्क्यासह. ती हकिकत अशी.

मी स्वतः चौथी शिकले. पुढे शिकले असते, पण घरात धाकटी भावंडं होती आणि शिवणाचं मशीन एकच होतं. त्या एकाची पुढे अकरा झाली. आज तीन शाळांचे गणवेश माझ्या शिवणघरातून जातात आणि माझ्या मापात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय. त्यामुळे शिकलेल्या लोकांना मी भीत नाही. त्यांच्यापुढे जरा ताठ बसते, एवढंच.

नात गणिताची पदवी करत होती. तीन वर्षांत एका विषयात नापास नाही. त्या तीन शाळांपैकी एकीत वर्षभर गणिताला शिक्षक नव्हता. त्या तासाला मुलांना मैदानात सोडायचे, हे मला गणवेशांच्या फाटक्या गुडघ्यांवरून कळायचं. तिथल्या मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "आजी, तुमच्या नातीला पाठवा. एक तारखेपर्यंत जागा धरून ठेवते. पदवीचा कागद तेवढा आणायला सांगा."

नात माझ्या गळ्यातच पडली. लहानपणी उशा ओळीने बसवून त्यांना पाढे शिकवायची ती. उत्तर आलं नाही म्हणून एका उशीला कोपऱ्यात उभं केलेलं मी पाहिलंय. आता तिला खरी मुलं मिळणार होती. एक तारखेला बावीस दिवस होते. एक कागद आणायला बावीस दिवस म्हणजे चैनच. मी तिला शाळेत घालायला दोन कपडे बेतायला घेतले.

कागद मिळाला नाही. खिडकीवर सांगितलं, "विशेष शाखा निवडलेली नाही. शाखेशिवाय पदवी नाही."

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. लांबलचक बोळ, भिंतीला एक बाक आणि समोर काचेची खिडकी. काचेला अर्धगोल भोक, आणि ते इतकं खाली की अर्ज करणाऱ्याला आपोआप वाकावं लागतं. ज्याने बेतलं त्याला माप कळत होतं.

"शाखा निवडायची आहे," मी वाकून म्हटलं.

आतल्या कारकून बाईंनी नातीचा कागद पाहिला. "निवडता येणार नाही. पदवीला एकशेवीस श्रेयांक लागतात. हिचे एकशेबत्तीस झालेत."

श्रेयांक म्हणजे किती विषय पास झालात त्याची मोजणी, हे मला तोवर नातीने समजावलं होतं. म्हटलं, "जास्त आहेत, मग बरंच झालं की."

"बरं कसं? एकशेवीसच्या पुढे गेलं की शिक्षण पूर्ण झालं असं धरतात. शिक्षण पूर्ण झालेल्याला शाखा निवडता येत नाही."

"मग पदवी द्या."

"शाखा निवडल्याशिवाय कशी देणार?"

मी सरळ झाले, कंबर चोळली आणि पुन्हा वाकले. "बाई, यातून वाट काय?"

"सोपी आहे," बाई खरंच आपुलकीने म्हणाल्या. "जास्तीचे बारा परत करा. तीन विषयांची परीक्षा पुन्हा द्यायची आणि नापास व्हायचं. फेरपरीक्षा दर गुरुवारी असते. मागणीच तेवढी आहे."

नात नापास होण्याच्या तयारीला लागली. हे काम पास होण्यापेक्षा कठीण निघालं, कारण चुकीचं उत्तर खात्रीने चुकीचं लिहायला बरोबर उत्तर आधी काढावं लागतं. पहिल्या पेपरात तिने मुद्दाम उलटी रीत वापरली. ती रीत नवीन आहे म्हणून परीक्षकांनी दोन गुण वाढवून दिले. दुसऱ्यांदा तिने पेपर कोराच ठेवला, तर निम्म्या प्रश्नांना उत्तरच नाही असं निघालं, म्हणून कोरी जागाच बरोबर धरली. तिसऱ्या खेपेला मात्र पोरीने मन घट्ट केलं आणि तिन्ही विषयांत आपटली. निकाल घेऊन घरी आली तेव्हा डोळे सुजलेले. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास! झालीस एकदाची नापास!"

एक तारखेला सहाच दिवस उरले होते.

आता एकशेवीस बरोबर भरले, म्हणून आम्हाला खिडकीतून सल्लागारांकडे पाठवण्यात आलं. शाखा कशी निवडावी हे सांगणारा हा माणूस. कानशिलं पिकलेली, सदऱ्याची कॉलर उलटून पुन्हा शिवलेली. कॉलर कुणीतरी चांगली शिवली होती, म्हणून मी त्यांना आधी मान दिला.

"शाखा दोन," ते म्हणाले. "शुद्ध गणित आणि उपयोजित गणित. शुद्ध म्हणजे ज्याचा कुणाला उपयोग होईल असं अजून आढळलेलं नाही. उपयोजित म्हणजे ज्याचा उपयोग आहे, पण तो आमच्याकडे नाही."

नात म्हणाली, "सर, मला कोणतीही चालेल."

"चालेल, पण मिळेल का? शुद्ध निवडायची तर आधी उपयोजितचा ओळखवर्ग पूर्ण केलेला हवा. आपण काय सोडतोय हे विद्यार्थ्याला कळायला नको का? त्याच न्यायाने उपयोजित निवडायची तर शुद्धचा ओळखवर्ग हवा."

"मग दोन्ही ओळखवर्ग करते."

"ओळखवर्गाला जागा कमी. त्यामुळे प्रवेश फक्त त्या त्या शाखेतल्या विद्यार्थ्यांना."

मी बोटांवर मांडून पाहिलं. हिला शुद्ध हवं तर उपयोजितच्या वर्गात बसायला हवं. तिथे बसायला उपयोजितमध्ये असायला हवं. उपयोजितमध्ये जायला शुद्धच्या वर्गात बसायला हवं, आणि तिथे बसायला शुद्धमध्ये. हात संपला तरी मुलगी बोळातच.

"तिसरी काही सोय?"

"सर्वसाधारण शाखा होती. तिला काही अट नव्हती. सगळेच तिकडे जायला लागले, म्हणून बंद केली."

"आणि सूट?"

"सूट मागण्याच्या अर्जावर आपापल्या शाखाप्रमुखांची शिफारस लागते. हिला शाखा नाही, त्यामुळे शाखाप्रमुख नाही."

मला राहवलं नाही. "तुम्ही स्वतः कोणती शाखा घेतली होती?"

त्यांनी टाचणीचा डबा सरळ केला. "माझा अर्ज विचाराधीन आहे."

"किती दिवस?"

"येत्या पावसाळ्यात अकरा वर्षं होतील," ते म्हणाले. स्वरात तक्रार म्हणाल तर नावाला नव्हती.

मी तडक विभागप्रमुखांच्या खोलीत शिरले. नात मागून पदर ओढत होती, "आजी, वेळ घेऊन यावं लागतं." मी म्हटलं, वेळच तर उरली नाही. प्रमुख सौम्य गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अशा माणसाशी भांडणं फार अवघड असतं.

"नियम करणाऱ्या समितीत सात गणिती होते," ते म्हणाले. "त्यामुळे नियम वाऱ्यावर सोडलेले नाहीत. एकही नियम दुसऱ्याच्या विरोधात जात नाही, हे आम्ही सिद्ध केलं आहे. सिद्धता नऊ पानांची आहे."

"असेल. या नियमांनी आजवर पास किती झाले?"

"एकही नाही."

"मग नियम चुकलाय."

"तसं म्हणता येत नाही. नियम चुकला म्हणायला तो कुणीतरी पुरता पाळावा लागेल. तो अजून कुणाला पाळता आलेला नाही."

"साहेब, माझ्याकडे बेतलेला सदरा एकाच्याही अंगात शिरला नाही, तर मी तो उसवते."

त्यांनी कागदावर सदऱ्याची आकृती काढून पाहिली. मग म्हणाले, "पण सदरा म्हणून तो निर्दोष असू शकतो. शिवाय बारा वर्षांत आमच्याकडून एकही विद्यार्थी बाहेर गेलेला नाही. गळती शून्य. त्याबद्दल आम्हाला मानपत्र मिळालंय." मानपत्र भिंतीवर होतं. चौकट उत्तम होती.

तेवढ्यात टेबलावरची ती नऊ पानं चाळून नात हळूच म्हणाली, "सर, नवव्या पानावर सूट देण्याचं कलम सोळावं लिहिलंय. ते सतरावं हवं."

प्रमुखांनी पान उघडलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग नातीकडे असं पाहिलं, जसं शिवणघरातल्या नव्या बाईने पहिल्याच दिवशी काज सरळ केलं की मी तिच्याकडे पाहते. म्हणाले, "अडकलेले विद्यार्थी इतके झालेत की आम्हाला दुसरा सल्लागार नेमायचाय. पात्रता अशी की नियम तोंडपाठ हवेत आणि उमेदवार कोणत्याही शाखेचा नसावा. नाहीतर पक्षपात होतो. अशी व्यक्ती आम्ही फार दिवस शोधत होतो."

नातीने माझ्याकडे पाहिलं. "आजी, एक तारखेपर्यंतच," ती म्हणाली. "आत बसले तर माझा कागद मी आतून हलवीन."

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. माझी नात काचेच्या आतल्या बाजूला! शिवणघरात अकराही मशीनवर मी बातमी दिली. शाळेच्या कपड्यांतून उरलेल्या कापडाची तिच्या खुर्चीला गादी शिवली. कारकून बाईंची बदली झाली होती, त्यामुळे खिडकीही हिच्याकडेच आली. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा रडवेली होती, एका मुलाला परत पाठवावं लागलं म्हणून. दुसऱ्या दिवशी सात परत पाठवले आणि डोकं दुखतंय म्हणाली. तिसऱ्या दिवशी एकोणीस पाठवले. त्या दिवशी काहीच दुखलं नाही.

महिना संपायच्या दिवशी दुपारी मी पुन्हा मुख्याध्यापिकांकडे गेले. हात जोडायची मला सवय नाही, पण जोडले. बाई भल्या. म्हणाल्या, "पदवी मागाहून आणा. आज संध्याकाळी पाचपर्यंत विभागाच्या सल्लागारांच्या सहीचं पत्र द्या. एकच ओळ लिहून आणा, हिला गणित येतं. मी वर्ग उद्या देते."

मला रस्त्यातच हसू फुटलं. सल्लागार कोण, तर आमचीच कार्टी. म्हातारपणी मी त्या बोळातून जवळजवळ पळत गेले. खिडकीपुढे रांग होती, तरी रीतीने रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर वाकून म्हटलं, "अगं, लिही पटकन. हिला गणित येतं, आणि खाली सही कर. जागा तुझी झाली."

तिचा चेहरा क्षणभर उजळला, अगदी उशांना पाढे शिकवताना उजळायचा तसा. हात शिक्क्याकडे गेला. मग तो तिथेच थांबला.

"आजी, अर्जदार आणि सही करणारा एकच असता येत नाही."

"मग त्या दुसऱ्याची घे. त्या पिकल्या कानशिलांच्या."

"ते रजेवर आहेत. तीन तारखेला येतील. आणि पत्र फक्त विद्यार्थ्याला देता येतं. मी आता कर्मचारी आहे."

"अगं, पण मुलं उद्या बसणार आहेत! तुला शिकवायचं होतं ना?"

"होतं," ती हळू म्हणाली. "पण मीच नियम मोडला तर मागच्या सगळ्यांना काय सांगू? तुझं मागणं मी वर पाठवते."

मी मागच्यांकडे वळले. वाटलं, हे तरी माझ्या बाजूने बोलतील. एकाचा अर्ज चार वर्षांचा, एकीचा सहा. पण रांगेतून आवाज आला, "बरोबर बोलतायत मॅडम. आजी, बाजूला व्हा. नियम म्हणजे नियम." त्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या. हे वाचणाऱ्यांनो, तुम्हीही त्या रांगेत होतात. चेहरा मला नीट दिसला नाही, पण आवाज मी ओळखला.

घड्याळात पाचाला दहा कमी होते. या वेळी मी वाकले नाही. उभ्यानेच काचेवर बोटाने टकटक केलं आणि साऱ्या बोळाला ऐकू जाईल असं तिला म्हटलं, "पोरी, शाखेसाठी आता कुणाकडे अर्ज करू नकोस. तुझी विशेष शाखा ठरली, आणि तिच्यात तू पहिली आलीस. उद्या त्या मुलांना मी स्वतः जाऊन सांगते, की तुमच्या बाईंना गणित सगळं येतं, स्वतःच्या बाजूने एक सही तेवढी करता येत नाही."