याकोबमामांचं दौंड

“बर्फ? दौंडात बर्फ? जावय हाय का कोन हाय ह्यो?”

याकोबमामा एका खोक्यावर ओरडत होते. खोकं जावयानं जर्मनीहून पाठवलेलं. आत खेळण्यातल्या रेल्वेसाठी डोंगर, डोंगरावर बर्फ आणि टोकदार झाडं. त्यातलं एक झाड माझ्या नाकासमोर धरून मामांनी विचारलं, “मास्तर, ह्ये कंच्या टेशनाला येतं? पाटसला का केडगावला?”

“कुठल्याच नाही.”

“मंग ह्ये भायेर.”

झाड खिडकीतून गेलं. पाठोपाठ आख्खा आल्प्स गेला. आमच्या गल्लीतली शेळी दोन दिवस बर्फ चघळत होती.

मामा माझे शेजारी, मालगाडीचे निवृत्त गार्ड. मामी वारल्या आणि महिन्याभरात मामांनी मधल्या खोलीत दोन दारांएवढी फळी टाकून त्यावर रेल्वे मांडायला घेतली. कुठला मुलूख मांडायचा यावर घरात लढाई जुंपली. जावई म्हणाला स्वित्झर्लंड. मुलगी म्हणाली कोकण, निदान बोगदे तरी मिळतील. चर्चचे पाळकसाहेब एकदा दार्जिलिंगला जाऊन आले होते, म्हणून ते दार्जिलिंग म्हणाले. मामांनी सगळ्यांना फोनवर आणि समोर एकच सांगितलं, “जितं माझी गाडी गेली न्हाई, ते मी लावायचो न्हाई.” आणि येवतपासून काष्टीपर्यंतचा, जगातला सगळ्यात सपाट मुलूख फळीवर आला.

आला तो असा आला की खऱ्या रेल्वेनं येऊन शिकावं. ऊस केरसुणीच्या काड्यांचा, बाभळी नारळाच्या काथ्याच्या, माती पाटसहून पिशवीतून आणलेली. केडगावच्या फलाटाजवळचं एक लिंबाचं झाड कुणीतरी तोडलं. मामांना कळलं, त्यांनी नेलकटरनं आपलंही झाड तोडलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. पाटसच्या चहावाल्यानं मिशी काढली तर हे इकडे ब्लेड घेऊन बसतील, अशी मला खात्री होती.

पाहुण्यांचे हाल तर विचारू नका. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचं, ही जुनी रीत. मामा ती चिमट्यानं पाळत. इंजिन सोडायचं, फिरवायचं, जोडायचं, हिरवी झेंडी दाखवायची. तोवर कुणी बोलायचं नाही. एकदा पाळकसाहेब मधेच शिंकले. मामांनी गाडी परत येवतला नेली.

हे सगळं मी सोसलं. माझं दुखणं वेगळं. मी केंदूरचा. फळीच्या कोपऱ्यात वीतभर जागा रिकामी होती. मी अदबीनं म्हणालो, “मामा, तिथं आमचं केंदूर बसवा. चार घरं आणि एक देऊळ. घरं मी करतो.”

“केंदुरात रूळ हाय का?”

“नाही.”

“मंग खोटं कशापायी करायचं?”

“अहो, खेळणं आहे ते.”

यावर मामा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोललो नाही. माझ्या गावाचा असा पाणउतारा गावातल्या भाऊबंदांनीसुद्धा केला नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे मिरच्या मागायला गेलो, तर मधल्या खोलीचं दार उघडं. मामा पाठमोरे, हातात ब्रश. आणि माझ्या त्या वीतभर कोपऱ्यात, माझ्या केंदुराच्या छाताडावर, नवीन रूळ. दौंडातून निघून भीमेवरून, मांडवगण फराटा गावच्या उसातून थेट एका स्टेशनापर्यंत. फलाट, बाकडं, पाण्याचा नळ. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत: शिरूर.

माझं डोकं फिरलं. आमच्या तालुक्याच्या शिरूरला रेल्वे येणार, हे माझ्या आज्यानं ऐकलं, बापानं ऐकलं, दर निवडणुकीत मी ऐकतो. अजून तिथं रुळाचा एक खिळासुद्धा पडलेला नाही.

“मामा, हे काय?” मी ओरडलोच. “केंदूरला रूळ नाही म्हणून मला हाकललंत. शिरूरला कधी आले रूळ? काल संध्याकाळी? लिंबाचं झाड गेलं म्हणून उपाशी राहणारा माणूस तुम्ही, आणि आख्खी लाईन खोटी घालता? कुठली मालगाडी नेली होती तुम्ही शिरूरला?”

मामांनी मागं पाहिलं नाही. नव्या रुळावर एकाच डब्याची पॅसेंजर उभी होती. चिमट्यानं त्यांनी तिच्या खिडकीत अडकलेला ब्रशचा केस काढला.

“मालगाडी न्हाई जात तितं,” ते म्हणाले.

“मग?”

“तुमच्या मामीचं म्हायेर शिरूर. यष्टीत उलट्या व्हायच्या तिला, म्हून जायाचीच न्हाई.”